काचेवरचा कुंकवाचा ठिपका

सोनुबाईंनी एका बोटाने ‘कॅलेंडर’ टाइप केलं, पुढे दौलतचं नाव घातलं आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे उमटले. महिना तोच. दौलतचं यान इतकं वेगात होतं, की तिथला एक दिवस इथलं वर्ष-दीड वर्ष गिळायचा. लेकाचा एक ऑगस्ट सरेना आणि इकडे आईचे सगळे दात पडले.

पूर्वी दूधवाल्याचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायची सवय. म्हणून त्याच्या परतीच्या तारखेवर त्यांनी थेट काचेवरच कुंकू टेकवलं होतं. तेव्हा दोन वेण्यांची शेवंता हसली होती, “आई, महिना बदलला की ठिपका भलतीकडेच जाईल!”

“महिना बदलायच्या आत येतोय माझा लेक. तू तुझी अक्कल शाळेत पाजळ.”

आता शेवंताच्याही केसांत चांदी होती. आजची तारीख ठिपक्याच्या दोन घरं अलीकडे लुकलुकत होती.

“दोनच दिवस राहिले गं त्याचे,” सोनुबाई म्हणाल्या. “माझ्याच्याने निघायचे नाहीत.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“ऐक. दारात तू ओवाळ त्याला. ‘शेवे’ म्हणून वेणी ओढायला येईल मेला, धाकटी समजून. आधी पाया पडायला लाव. आता तू थोरली आहेस त्याच्याहून.”

शेवंताने करंडा आणला आणि काचेवरचा फिकटलेला ठिपका पुन्हा ठसठशीत केला.