स्पष्ट म्हणजे

अकोल्याच्या कचेरीत कारकून केशवरावांनी जबानीचा कागद वाचून दाखवला आणि लेखणी सत्यभामेपुढे धरली. खाली सहीऐवजी बांगडीची निशाणी काढायची, की ती मोकळी.

तिचा नवरा जानराव बाहेर ओट्यावर बसला होता. काय सांगायचं ते त्यानं येताना बैलबंडीतच पढवलं होतं: धूर होता, दिसलं नाही. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि अशात व्यापाऱ्याची आख्खी गंजी भरदुपारी जळून गेली. पेटवली म्हणून देवीदास माळ्याला धरलं होतं. तो समोरच भिंतीशी उभा होता, हात बांधलेला, मान खाली.

‘धुरामुळे स्पष्ट दिसले नाही,’ असं कागदात होतं. सत्यभामा तिथंच अडली.

“स्पष्ट म्हंजे काय जी?”

केशवराव पुण्याकडचे, शब्दांचे शौकीन. खुलून सांगू लागले, की शब्द संस्कृतातला, फार जुना; मुळात अर्थ पाहणं. राजाच्या हेरालाही त्यावरूनच ‘स्पश’ म्हणत. कवींनीही बोलणं स्पष्ट असावं म्हटलंय, तळ दिसणाऱ्या पाण्यासारखं. “थोडक्यात, आडपडदा नसताना डोळ्यांनी पाहिलं, ते स्पष्ट.”

लेखणी तिच्या हातात तशीच राहिली. न कळलेल्या शब्दाखाली बांगडी काढणं सोपं होतं. आता देवीदासकडे बघवेना, आणि दाराकडेही. दाराबाहेर जानराव, घरी सासू, आणि परत जायचं ते त्याच बंडीतून.

“मंग हे खोटं हाय,” ती म्हणाली. “तवा धूर नव्हता. धूर मागून झाला. चिलमीची ठिणगी पडली, ते म्या स्पष्ट पायलं.”

“कुणाच्या चिलमीची?”

“आमच्या घरच्यायच्या.”

केशवरावांचा आवाज एकदम खाली आला. असं चालत नाही, ते म्हणाले. घरात दीर असेल, सासरा असेल. कागदावर नाव लागतं.

बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बारा वर्षांत ते तिच्या तोंडून निघालं नव्हतं. तिनं पदर सावरला. पुन्हा विचारायला नको, म्हणून जरा मोठ्यानंच बोलली.

“जानराव.”

आपल्याला आत बोलावलं असं वाटून त्यानं ओट्यावरून ‘ओ’ दिली.