घाटात रेंज नसते

दळवी मॅडमनी कस्तुरीच्या डोक्यावरची टोपी उतरवली, तरी तिचा हात घंटीची दोरी ओढायला वरच राहिला होता.

"कोण झालीस?" मॅडमनी विचारलं. दहावीच्या प्रत्येक मुलाला त्या कुणाच्या तरी कामातला एक तास, त्या माणसाची खरी आठवण, टोपीतून दाखवत. नाव मात्र सांगत नसत.

"एसटी कंडक्टर."

"आवडलं?"

कस्तुरी अजून त्या तासातच होती. आंबा घाट होता, गाडी निम्मी रिकामी होती, खिडकीतून धुकं आत येत होतं आणि छातीत असा आनंद भरला होता की मोठ्याने गावंसं वाटत होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्यावर नाव होतं, 'कस्तुरी'. अंगठ्याने सहज तो कट केला आणि नजर पुन्हा धुक्याकडे वळली.

फोन का उचलत नाहीस, असं विचारलं की आई नेहमी म्हणायची, घाटात रेंज नसते गं.

संध्याकाळी आई ड्युटीवरून आली आणि पाय चोळत बसली. "काहीही हो बाई, पण कंडक्टर होऊ नकोस. नुसता वैताग."

रागवावं की तिच्या गळ्यात पडावं, कस्तुरीला कळेना.

"आई, घाटात खरंच रेंज नसते?"

आईचा हात थांबला. "नसते," ती खाली बघत म्हणाली.

आणि कस्तुरीच्या छातीत दुपारचा तो आनंद पुन्हा भरून आला. तो आता कुणाचा, हे काही तिला सांगता येईना.