इंजिन गरम होईपर्यंत

प्रज्योत मागच्या पडवीत निळ्या पॉटीवर बसला होता आणि आईचा गाऊन दोन्ही मुठींत धरून रडत होता. "नको गे, दुखता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पल्लवी त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. तिच्या हातात विड्याच्या पानाचा एरंडेलात बुडवलेला देठ होता. हा उपाय शेजारच्या कमलाक्षीचा. त्याआधी भिजवलेल्या मनुका झाल्या, गरम पाण्यात तूप झालं, डिचोलीच्या डॉक्टरनं दिलेलं गोड औषध झालं, पोदेराचा उंडो पाव बंद करून पपई सुरू झाली. चार वर्षांचं पोर, पण हट्ट असा की पोटातलं काही सोडायचंच नाही. आजही झालं नाही तर इस्पितळात आणा, एनिमा द्यावा लागेल, असं डॉक्टर म्हणाला होता.

पुढच्या अंगणात तिचा नवरा सगुण उभा होता. त्यानं विकलेला टिपर ट्रक न्यायला गडहिंग्लजहून मधुकरशेठ आले होते. खाण बंद झाली ती गणेशचवथीच्या तोंडावर. आता होळीचा शिगमो सरला, तरी टिपर फणसाखाली जागचा हलला नव्हता. चाकांभोवती गवत उगवून वाळूनही गेलं होतं. सगुणनं सकाळी केबिनमधला सातेरी देवीचा फोटो काढून ओट्यावर ठेवला, चाकापुढे नारळ फोडला. सगळं रीतसर. आज आपल्याला फार वाईट वाटेल अशी त्याची समजूत होती, पण तसं काही वाटत नव्हतं. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नसे. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा.

"चावी द्या, सगुणभाऊ. नवी बॅटरी बसवलीया, बघूया काय म्हणतीया तुमची म्हैस," असं म्हणत मधुकरशेठ केबिनमध्ये चढले.

टिपर आधी नुसताच खोकला, मग चालू झाला. कोंबड्या पळाल्या. ओट्यावरचा फोटो थरथरला आणि काळा धूर फणसात शिरला.

मागच्या पडवीत प्रज्योतचं रडणं मध्येच थांबलं. त्यानं मान वर केली.

"आई, गाडी!"

जमीन हलत होती. त्याच्या मुठी सैल झाल्या, तोंड लाल झालं, तो जोर करू लागला. आणि पल्लवीला एकदम आठवलं. पूर्वी रोज उजाडताना सगुण टिपर चालू करून इंजिन गरम व्हायला ठेवायचा, तेव्हा पोरगं इथंच येऊन बसायचं. बाप खाणीवर जायला निघायच्या आत त्याचं आटपलेलं असायचं. त्याला त्या आवाजाची सवय झाली होती, आणि आपण बसलोय मनुका भिजवत! तिला स्वतःचाच राग आला.

देठ तिनं फेकून दिला. "अहो, आयकलात काय? गाडी चालूच रवांदे! चेडो बसलो हा!"

मधुकरशेठ निघायच्याच बेतात होते. सगुण केबिनच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"वायच थांबा, शेठ. इंजिन चालूच ठेवा."

शेठनी समजूतदारपणे मान हलवली. "जीव तुटतो, राव. कळतंय मला. माझा पहिला ट्रक विकला तवा मला घास गेला नव्हता."

"तसा नाय. चेडो परसाकडे बसलो हा."

शेठ हसले. दुःख लपवायला माणूस काय वाटेल ते बोलतो, असं त्यांना वाटलं असावं. भल्या माणसानं आणखी थोडा वेळ इंजिन घुमू दिलं. मग घड्याळ पाहिलं. "ऊन तापायच्या आत घाट चढायचाय. येतो, भाऊ."

टिपर अंगणाबाहेर पडला. सगुण तिकडे न बघता मागच्या पडवीत आला. आवाज मळ्याच्या वळणापलीकडे गेला, बारीक झाला, मग ऐकूच येईना.

"पप्पा, गाडी गेली!" प्रज्योतचं तोंड पुन्हा वाकडं झालं. "दुखता माका!"

आता हा परत आवळून धरणार, हे पल्लवीला दिसत होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्याकडून तिची काही अपेक्षा नव्हती. दाढी कर म्हणूनही त्याला सांगावं लागत होतं.

सगुण पोरासमोर फतकल मारून बसला आणि तोंडानं आवाज काढू लागला. घर्रर्र, घर्रर्र. चेहरा कोराच होता. पल्लवीला हसू आलं, पण ते तिथंच विरलं.

प्रज्योत हुंदका गिळून ऐकत राहिला. आवाज ओळखीचा वाटला असावा. तो म्हणाला, "पप्पा, चढण इली. गेर बदल."

सगुणचा डावा हात खाली गेला. त्यानं गिअर बदलला. आवाज जड झाला. पोरानं बापाचे खांदे घट्ट धरले, डोळे मिटले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावलं.

पॉटीत धप्प झालं.

प्रज्योत घामानं निथळत होता. त्यानं मोठा श्वास सोडला आणि हसला. "झाला माझा. पप्पा, आता गाडी बंद कर."

सगुणनं तोंड मिटलं. डोळ्यांतलं पाणी वाढलेल्या दाढीत उतरू लागलं, पण आवाज थांबेना.