पेन्सिलीनं लिहिलेलं 'सज्जन'

फासा थांबला आणि टेबलाभोवतीचं हसणं बंद पडलं. शर्वरीच्या खेळातल्या पुजारिणीनं राक्षसाचं पकडलेलं पोर कड्यावरून ढकललं होतं.

"मोठं होऊन त्यानं गाव जाळलंच असतं," शर्वरी म्हणाली.

हेरंब खेळ चालवायचा; तो गोष्ट सांगायचा आणि बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते सांगून, वार करायचा तर फासा टाकायचा. त्याच्याकडे पात्राची वृत्ती पेन्सिलीनं लिहायची पद्धत होती. पात्राचं वागणं बदललं की ती खोडायची. शर्वरीच्या कागदावर 'सज्जन' होतं. त्यानं खोडरबर पुढे सरकवलं.

"मी नाही खोडणार. मी गाव वाचवलंय."

"बरं," म्हणत त्यानं खोडरबर खिशात टाकलं. "पुढचं गाव. पुजारीणबाई आल्या म्हणून पोरं धावत येतायत. एकाच्या कपाळावर शिंगांचे कोंब दिसतायत."

फासा आपल्या मुठीत कधी आला, शर्वरीला कळलंच नाही.