शनिवारची गोळी

लिव्हर खाली ओढायची, परत वर आणायची, की रायफल तयार. एवढं संघमित्राला नुसतं पाहून ठाऊक होतं. तिनं टेबलावरच्या रायफलकडे पाहिलं, मग मागं वळून. तिचा नवरा दादाराव आणि त्यांचा मित्र गिरीश गॅरेजमधून लाकडी बाक ओढत होते. दोघांची पाठ इकडे होती.

जाताना दादाराव म्हणाले होते, "इथंच बस. हिला हात नको लावू."

"मी कधी लावलाय?"

"खरंय बाई. तू तर ही असते त्या क्लोजेटमध्ये व्हॅक्यूमसुद्धा लांबूनच करतेस."

किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून थट्टा निघाली होती. संघमित्राला ती निरोपासारखी वाटली.

रायफल लहानशीच. पॉइंट टू-टू बोअरची. मुलाच्या, आयुषच्या दहाव्या वाढदिवसाला दादारावांनी आणली, त्या दिवशी ती जेवली नव्हती. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून ती पंचशील म्हणायची. पाणातिपाता वेरमणी, जीवहत्येपासून दूर राहीन. हे जिथं रोज म्हटलं जातं, त्या घरात बंदूक?

"डब्यांना जीव नसतो, मित्रा," दादाराव म्हणाले होते.

"नसेल. पण मी शिवणार नाही. माझा तेवढा नियम."

तो तिनं पाळला. दर शनिवारी बाप-लेक इथं यायचे, अमेरिकेतल्या कॅरी गावाबाहेर, गिरीशच्या घरामागं. पाइनची झाडं, मातीचा उंच बांध, बांधापुढं सोड्याचे रिकामे डबे. कधी ती सोबत आली तर टेबलापासून लांब खुर्ची टाकून बसायची. आयुष नळीखालच्या पितळी ट्यूबमध्ये एकेक गोळी सोडायचा. मध्येच वळून ओरडायचा, "आई, कम ऑन! इट्स जस्ट कॅन्स!" ती नुसती हसायची.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी त्याला ताप आला. तो मेंदूत गेला. शुक्रवारी आयुष गेला.

दादारावांचे शनिवार मात्र चुकले नाहीत. रायफल गाडीत ठेवून एकटेच निघायचे. मन रमत असेल तर रमू दे, असं तिला वाटायचं. मग एकदा गिरीशचा फोन आला.

"वहिनी, सांगू की नको कळत नाही. तो एकही गोळी झाडत नाही. मांडीवर घेऊन तासभर बसतो नि निघून जातो. बोलावं तर बोलत नाही. ती रायफल घरात नको, माझ्याकडे देऊन टाका."

तिनं दोनदा विषय काढला. दादाराव उठून दुसऱ्या खोलीत गेले.

परवा तिनं बेडरूमच्या दारातून पाहिलं. दादारावांनी पितळी ट्यूब ओढून रायफल तिरकी केली. एक गोळी तळहातावर घरंगळली. त्यांनी मूठ मिटली, कपाळाला लावली. मग ती गोळी परत आत सोडली.

रायफल रिकामी केल्याशिवाय घरात आणायची नाही, हा त्यांचाच कायदा. त्यासाठी आयुषला किती छळायचे. "एम्प्टी? शुअर? परत बघ." आणि आता त्याच रायफलीत एक गोळी राहत होती. एकच. माणूस एकच गोळी कशासाठी राखून ठेवतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्या रात्री तिनं त्यांचा श्वास ऐकत पहाट केली. सकाळी वंदनेला बसली तर पहिल्याच शीलापाशी शब्द अडकला. जीव घ्यायचा नाही, एवढंच शील सांगतं. जीव वाचवायलाही शिवू नको, असं कुठं सांगितलंय?

म्हणून आज ती सोबत आली होती.

तिनं हात जोडले आणि रायफल उचलली. वाटली होती त्याहून हलकी निघाली. लहान मुलाच्या खांद्याच्या मापाची. लिव्हर खाली, लिव्हर वर. डब्यांकडे तिनं पाहिलंच नाही, बांधाच्या मातीवर नळी रोखली आणि ट्रिगर ओढला.

काडकन आवाज झाला, एवढासा. बांधावर चिमूटभर धूळ उडाली.

मागं बाक आपटला. दादाराव धावत आले. त्यांनी तिच्या हातातून रायफल घेतली, लिव्हर ओढली. रिकामं पितळी कवच गवतात पडलं. ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी गवत चाचपू लागले.

संघमित्रा त्यांच्यापाशी आली. "शोधू नका. संपली ती. मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

"कुठं जाऊ देणार नाहीस?"

तिची नजर रायफलीवर गेली. मग त्यांच्या चेहऱ्यावर. तिच्या मनात काय होतं, ते दादारावांना हळूहळू उमगलं. ते रागावले नाहीत. कवच सापडलं होतं, अजून कोमट होतं.

"आयुषची होती गं ती," ते म्हणाले. "त्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्या मारल्या आणि ही एक ठेवली. बाबा, सेव्ह धिस वन फॉर नेक्स्ट सॅटर्डे, म्हणाला."

गिरीश लांबच थांबला होता. संघमित्रा खाली गवतात बसली. तिनं त्यांचा हात धरायला हात पुढं केला, तर त्यांची मूठ उघडेना.

"तिच्याच आधारानं मी एकेक शनिवार गाठत होतो, मित्रा."