रविवारचे पाहुणे

रविवारी चर्चनंतर रग्बी क्लबचा माणूस आमच्याकडे तारोचे उकडलेले कंद जेवला आणि मला म्हणाला, "तानिएला, पोरा, त्या फुटबॉलात गुडघे जातात." पुढच्या रविवारी फुटबॉल क्लबवाला दोनदा वाढून घेत म्हणाला, "रग्बीत डोकी फुटतात, बाळा." मी रग्बी धरली. गुडघा तिथेच गेला. एकोणिसाव्या वर्षी डॉक्टरने सांगून टाकलं, खेळ संपला.

काल दोघंही हॉस्पिटलात आले. आईने डोळे पुसले. "बघ, विसरले नाहीत तुला."

माझ्या पायाकडे एकानेही पाहिलं नाही. दोघंही खाटेशी बसलेल्या माझ्या बहिणीकडे, लुपेकडे बघत होते.

"ही धाकटी ना? आता आमच्यात पोरींचेही संघ आहेत," रग्बीवाला म्हणाला.

"आमच्यात आधीपासून आहेत," फुटबॉलवाल्याने त्याला तोडलं. "उभी राहा, पोरी. उंची बघू दे."

"लुपे, बसून राहा!" मी ओरडलो.

लुपे उभी राहिली. टाचा उचलून.