स्वयंपाकघरातला नळ

बायको गेल्यापासून तो गाडी बादली आणि मगानेच धुवायचा. साबणाचे ओघळ तसेच राहायचे.

"बाबा, पाइप असताना हा कसला खटाटोप?" असं म्हणत आज मुलीने स्वतःच स्वयंपाकघरातल्या नळाला पाइप जोडला, खिडकीतून बाहेर सोडला आणि नळ चालू करून ती फडकं घेऊन अंगणात आली.

पूर्वी त्या नळापाशी बायको उभी असायची. तो बाहेरून ओरडायचा, "सोड गं!" आणि थोड्या वेळाने, "बंद कर गं!"

"मला काय नळावर नोकरीला ठेवलंय?" ती आतून म्हणायची. पण जागची हलायची नाही.

गाडीचा टप धुऊन झाला आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "बंद कर गं!"

धार थांबली.

मुलगी त्याच्या शेजारीच उभी होती. पाइपला कुठे पीळही पडला नव्हता.

"पाणी गेलं असेल, बाबा," ती हळूच म्हणाली.

"असेल."

बॉनेटवरचा साबण वाळायला लागला. एकदा "सोड गं" म्हटलं असतं, तर काय ते कळलं असतं. तो खिडकीकडे बघत राहिला. शेवटी त्याने आधीच भरून ठेवलेली बादली जवळ ओढली आणि तिच्यात मग बुडवला.